समीकरण पडद्यावर, श्रोते वाऱ्यावर

सभागृहातले दिवे मंद होतात आणि पडद्यावर स्लाइड सरकू लागतात. छायाचित्र येते, आलेख येतो, तोवर सगळे ठीक असते. मग एक समीकरण उमटते. ‘हे तर तुम्हाला ठाऊकच आहे’ असे म्हणून वक्ता पुढे जातो. मागच्या रांगेत कुणी मोबाइल उंच धरून फोटो काढतो, कुणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. महाविद्यालयाचा वर्ग असो, डॉक्टरांची परिषद असो की आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, हे दृश्य सगळीकडे सारखेच.

फळ्यावर असे क्वचित होत असे. खडूने लिहायला वेळ लागे. लिहिता लिहिता शिक्षक प्रत्येक चिन्ह तोंडाने म्हणत आणि विद्यार्थ्यांची वहीही त्याच गतीने भरत जाई. स्लाइडने ही सक्तीची संथ गती काढून घेतली. अख्खे समीकरण एका क्षणात समोर येते आणि दहा सेकंदांत निघूनही जाते.

समीकरण हे खरे तर एक वाक्य असते. ‘बरोबर’ हे चिन्ह त्याचे क्रियापद. डाव्या बाजूला कशाबद्दल बोलायचे ते असते आणि उजव्या बाजूला त्याबद्दल काय सांगायचे ते. वाक्य वाचावे लागते, त्याला वेळ द्यावा लागतो. आपण मात्र ते भिंतीवर तसबीर टांगावी तसे पडद्यावर टांगतो. त्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही, हे पहिले. पडद्यापर्यंत पोहोचेपर्यंत एखादे चिन्ह बिघडते आणि अर्थच बदलतो, हे दुसरे आणि जास्त गंभीर.

तीन आणि एकोणीसशे वीस

विज्ञानाची भाषा स्लाइडवर कशी हरवते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण कोलंबिया या अवकाशयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण झाल्यावर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. अंदाजासाठी ‘क्रेटर’ नावाचे प्रयोगांवर बेतलेले सूत्र वापरले होते. पण ते प्रयोग सुमारे ३ घन इंचाच्या तुकड्यांवर झालेले होते. प्रत्यक्षात आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा असावा, असा अंदाज होता. म्हणजे ६४० पट मोठा. जे सूत्र खड्यावर तपासले, त्यालाच धोंड्याचे उत्तर विचारले होते.

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या स्लाइडवर होती, पण अगदी तळाशी, बारीक उपमुद्द्यात. वरचा ठळक मथळा मात्र दिलासा देणारा होता. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर या स्लाइडची चिरफाड केली. घन इंच हे एकच एकक त्या एका स्लाइडवर वेगवेगळ्या प्रकारे लिहिले गेले होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. एककाच्या डोक्यावर छोटासा ३ चढवला असता तर काम झाले असते. बाजारातल्या मालाची जाहिरात करण्यासाठी घडलेल्या स्लाइडवर अभियांत्रिकीचे अहवाल द्यायचे असतील, तर निदान वैज्ञानिक लेखनाची नीट सोय हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर कोलंबियाचे तुकडे झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण फोमच्या आघाताने पंखाला पडलेले छिद्र हे होते; स्लाइडने यान पाडले असे कुणी म्हणणार नाही. पण ती स्लाइड वाचूनही हे जिवावरचे संकट आहे हे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लक्षात न येणे सहज शक्य होते, असा अभिप्राय चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नोंदवला.

म्यूचा एम होतो तेव्हा

चिन्ह बिघडण्याचा प्रकार आपल्या अधिक जवळचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी अगम्य रोमन अक्षरे दिसतात, हे अनेकांनी पाहिले असेल. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षर नसतेच. असते रोमन अक्षर, त्यावर मराठी फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो.

ग्रीक चिन्हांचेही तसेच होते. ‘मायक्रो’साठी म्यू हे ग्रीक अक्षर वापरतात. जुन्या अनेक स्लाइडमध्ये हा म्यू म्हणजे ‘सिंबॉल’ या फॉन्टमधला रोमन एम असतो. मजकूर दुसरीकडे चिकटवताना फॉन्ट बदलला की म्यूचा एम होतो. मग मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होते, म्हणजे मात्रा एक हजार पट. पत्रिका बिघडली तर ती बिघडलेली दिसते. इथे काहीच बिघडलेले दिसत नाही, धोका आहे तो यातच. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ‘५० मायक्रोग्रॅम’च्या जागी ‘५० मिलिग्रॅम’ असे वाचले तर काय, याची कल्पना करून पाहा. हस्ताक्षरातला म्यूसुद्धा एमसारखा वाचला जातो. म्हणूनच औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणारी ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही अमेरिकी संस्था म्यू टाळून ‘एमसीजी’ असे लिहायला सांगते.

घातांकाचीही हीच गत. दहाचा सहावा घात म्हणजे दहा लाख. मजकूर इकडून तिकडे नेताना वर चढवलेला ६ खाली घसरला की उरतात फक्त १०६. रक्तातल्या पेशींची संख्या घातांकातच लिहितात. त्यामुळे वैद्यकीय स्लाइड तयार करणाऱ्याने ही घसरण डोळ्यांत तेल घालून पाहायला हवी.

चित्र की रचना?

संगणकावर समीकरण ठेवण्याच्या ढोबळ मानाने दोन पद्धती आहेत. एक म्हणजे चित्र: पुस्तकातल्या पानाचा फोटो काढा आणि चिकटवा. दुसरी म्हणजे रचना: अंश कोणता, छेद कोणता, घात कुणावर, हे संगणकाला कळेल असे लिहा.

दुसऱ्या पद्धतीचा पाया डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाने घातला. १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली तेव्हा त्यांतली गणिती छपाई त्यांना पाहवेना. त्यांनी स्वतःच जुळणीची संगणक-प्रणाली लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. ही ‘टेक’ प्रणाली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेली ‘लॅटेक’ आजही जगभरचे गणिती वापरतात. ‘लॅटेक’मधून स्लाइड करण्यासाठी टिल टांटाऊ यांनी २००३ मध्ये ‘बीमर’ तयार केले, तेही स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले ते मुख्यतः व्यवसायातल्या बैठकांसाठी. त्यात समीकरणासाठी बराच काळ ‘इक्वेशन एडिटर’ नावाचे जोडसाधन वापरावे लागे. त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडल्याने मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये ते काढूनच टाकले. जुन्या फायलींतली समीकरणे दिसत राहिली, पण त्या साधनातून ती दुरुस्त करता येईनात. जुन्या स्लाइड वर्षानुवर्षे वापरणाऱ्या प्राध्यापकांना त्याचा फटका बसला.

२०१० च्या आवृत्तीपासून मात्र पॉवरपॉइंटमध्येच समीकरणाची सोय आहे. ‘इन्सर्ट’मधून ‘इक्वेशन’ निवडा, किंवा ऑल्ट ही कळ धरून बरोबरचे चिन्ह दाबा. तिरपी रेघ देऊन लिहिलेला भागाकार अंश-छेदात मांडला जातो, टोपीचे चिन्ह देऊन लिहिलेला आकडा घातांक होऊन वर चढतो. फोटो चिकटवण्यापेक्षा याला दोन मिनिटे जास्त लागतात. पण अक्षरे कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत आणि चूक सापडली तर जागेवर सुधारता येते. आणखी एक सवय लावून घ्यावी. स्लाइडची पीडीएफ प्रतही सोबत ठेवावी आणि भाषणाआधी सभागृहातल्याच संगणकावर प्रत्येक समीकरण एकदा पाहून घ्यावे.

चार गोष्टींची ओंजळ

चिन्हे शाबूत पोहोचली तरी अर्थ पोहोचेलच असे नाही. माणसाची कार्यस्मृती, म्हणजे विचार करताना मनात धरून ठेवायची जागा, फार लहान असते. एका वेळी साधारण चार गोष्टी तिच्यात मावतात, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. पडद्यावरच्या समीकरणात सात अनोळखी चिन्हे असतील तर ओंजळ भरून वाहू लागते. त्यात वक्ता तिसरेच काही बोलत असेल तर हाती काहीच उरत नाही.

यावर उपाय म्हणजे अर्थ आधी, चिन्ह नंतर. गोवराचे उदाहरण घेऊ. ‘किती टक्के मुलांना प्रतिकारशक्ती हवी?’ याचे सूत्र असे: १ वजा, १ भागिले आर-शून्य. ते एकदम दाखवले तर प्रशिक्षणातल्या आशाताई ते वहीत उतरवून घेतील, पण त्यांच्या मनात काही उतरणार नाही. त्याऐवजी चार पायऱ्या करा.

पहिल्या स्लाइडवर एक आजारी मूल आणि त्याच्याभोवती पंधरा मुले. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका मुलाकडून सरासरी इतक्यांना लागण होते. गोवराबाबत हा आकडा १२ ते १८ मानतात. यालाच आर-शून्य म्हणतात. दुसऱ्या स्लाइडवर त्या पंधरांपैकी चौदा सुरक्षित. आता एकाकडून एकालाच लागण होते, साथ फोफावत नाही. तिसऱ्या स्लाइडवर आकडा: पंधरापैकी चौदा म्हणजे ९३ टक्के. चौथ्या स्लाइडवर तेच चिन्हांत: १ वजा, १ भागिले १५. आता पंधराच्या जागी आर-शून्य ठेवले की सूत्र तयार. गोवराच्या लसीचे लक्ष्य ९५ टक्के का असते आणि ८५ टक्क्यांवर समाधान का मानायचे नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ पसरली. लसीकरणातल्या थोड्या टक्क्यांची किंमत तेव्हा दिसलीच.

मग समीकरण गाळावे का?

‘पुस्तकातले प्रत्येक समीकरण खप निम्म्यावर आणेल’ असा इशारा स्टीफन हॉकिंग यांना मिळाला होता. १९८८ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी आइन्स्टाइनचे एकच समीकरण ठेवले. ही धास्ती निव्वळ सामान्य वाचकाची नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या टिम फॉसेट आणि अँड्र्यू हिगिन्सन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले जीवशास्त्रातले ६४९ शोधनिबंध तपासले. मुख्य मजकुरात पानामागे एक समीकरण वाढले की त्या निबंधाचा इतरांनी केलेला उल्लेख २८ टक्क्यांनी घटलेला दिसला. पण समीकरणे परिशिष्टात असतील तर अशी घट नव्हती. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातून स्लाइडसाठी सरळ धडा मिळतो. ज्या समीकरणावाचून मुद्दाच उभा राहत नाही ते एखादेच मुख्य भाषणात ठेवावे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. बाकीची सिद्धता शेवटच्या राखीव स्लाइडवर ठेवावी; कुणी प्रश्न विचारला तर ती काढता येते. समीकरणे सरसकट गाळणे हा मात्र उपाय नव्हे. सूत्र समोर असले की ऐकणारा ते स्वतः पडताळू शकतो. सूत्र नसेल तर त्याला वक्त्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

ऐकून वाचणाऱ्यांसाठी

सभागृहात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर? संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी साधने त्याच्याकडे असतात, पण फोटो करून चिकटवलेल्या समीकरणापुढे ती सहसा अडखळतात. या प्रश्नाला भिडणारे टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. शाळकरी वयात काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणिताची पदवी आणि आयआयटी मुंबईत पुढचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. ‘लॅटेक’मध्ये लिहिलेली समीकरणे ऐकवणारी प्रणाली त्यांनी पीएचडीसाठी तयार केली आणि तिला आपल्या मार्गदर्शक श्वानाचे, ॲस्टरचे, नाव दिले. समीकरण रचनेच्या रूपात होते, म्हणूनच ते बोलू शकले.

‘ए अधिक बी भागिले सी’ असे कुणी म्हटले, तर भागाकार फक्त बीचा की दोघांच्या बेरजेचा? डोळस माणसाला रेघ कुठवर आहे ते दिसते. ऐकणाऱ्याला ते शब्दांतच सांगावे लागते. ‘ए आणि बी यांची बेरीज, तिला सीने भागले’ असे म्हटले की शंका उरत नाही. आणि असे म्हटल्याने फायदा फक्त दृष्टिहीनांचा होत नाही. मागच्या रांगेत बसून पडदा नीट न दिसणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

म्हणून पुढच्या वेळी स्लाइड तयार करताना एक सोपी परीक्षा घ्या. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, पडदा न दाखवता समीकरण मराठीत पूर्ण वाक्यात वाचा आणि प्रत्येक चिन्ह कशासाठी आहे ते सांगा. समोरच्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितले, तर स्लाइड तयार झाली. वाचताना आपणच अडखळलो, तर ते समीकरण अजून पडद्यावर जायला तयार नाही.