वाळवंटातील रात्री थंड का?

राजस्थानातील चुरू येथे १ जून २०१९ रोजी पारा ५०.८ अंश सेल्सिअसवर गेला होता. याच चुरूत हिवाळ्यातील काही रात्री तो शून्याखाली उतरतो. ऋतूंचा फरक सोडला, तरी एकाच दिवसातील दुपार आणि पहाट यांत पंधरा-वीस अंशांचे अंतर पडणे तेथे नवलाचे नाही. याचे मूळ वाळूइतकेच हवेतील बाष्पात आहे.

दिवसा तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. मुंबईसारख्या दमट ठिकाणी हवेतील बाष्प व ढग ती शोषून काही अंशी जमिनीकडे परत पाठवतात. म्हणूनच तेथे रात्रीही उकडते. वाळवंटातील कोरड्या, निरभ्र आकाशातून मात्र बरीचशी उष्णता सरळ निसटते. शिवाय कोरड्या वाळूत उष्णता खोलवर झिरपत नाही. वरची वाळू तेवढी भाजून निघते आणि सूर्य मावळताच तीच झपाट्याने निवते.

ही कोरडी हवा फसवीही असते. घाम येताक्षणी वाळून जातो, अंग चिकट होत नाही आणि घाम आलाच नाही असे वाटते. प्रत्यक्षात शरीरातील पाणी व क्षार कमी होत असतात. तेथे तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे लागते, ते यामुळेच.