ओझ्यावर उभे असलेले पूल

पंचगंगा फुगायला लागली की कोल्हापूरकर दोनच गोष्टी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं, आणि शिवाजी पुलापाशी पाणी कुठवर आलं? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. एकोणिसाव्या शतकातला हा दगडी पूल त्यातूनही तगला.

घाटावर उभं राहून कमानीकडे नीट पाहा. प्रत्येक काळा चिरा वर रुंद, खाली निमुळता. त्याला खाली निसटायला वाटच नाही. दगड ताणला तर तुटतो, दाबला तर अफाट सोसतो. वरचा भार कमानीतले चिरे एकमेकांवर आवळत नेतो आणि खांबांत उतरतो. पुलाचं ओझंच पुलाला धरून असतं.

चीनच्या फुजियान आणि झेजियांग प्रांतांतल्या डोंगरी खेड्यांनी हीच युक्ती लाकडात साधली. ओंडके एकमेकांत विणून कमान केली आणि वर चक्क घरासारखं कौलारू छप्पर घातलं. छपरामुळे लाकूड कुजत नाही, हे आपल्या पावसाळी मुलखात कुणाला सांगायला नको. पण कौलांचं वजन सांधेही आवळून धरतं, ही खरी हुशारी! आइस्क्रीमच्या काड्या एकीवरून, दुसरीखालून अडकवून छोटा पूल करा, डिंकाशिवाय. वरून बोटानं दाबा, घट्ट होतो. खालून उचला, विस्कटतो.

पूर नेमकं हेच करतो, खालून उचलतो. सप्टेंबर २०१६ च्या वादळात झेजियांगमधल्या तायशुन परगण्यातले असे तीन जुने पूल वाहून गेले. गावकऱ्यांनी नदीकाठानं शोधून ओंडके गोळा केले, आणि त्यातलेच वापरून पूल पुन्हा उभे राहिले. हे वाचताना मला भरून आलं.

आपला बेसॉल्ट तरंगत नाही, पण पाण्यात बुडाला की त्याचं सुमारे एक तृतीयांश वजन हलकं होतं. म्हणजे प्रवाहाचा रेटा सर्वांत जास्त, तेव्हाच कमानीची पकड थोडी सैल. तरी उरलेलं वजन पुरून उरतं. दगडी पुलाला जास्त भीती पायाची. खांबाशी फिरणारे भोवरे तळातली माती उपसतात, आणि पूर उतरताना तोच खड्डा गाळानं बुजतो. वरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. खरं काय झालंय, ते तो गाळ उकरल्यावरच कळतं.