डावा कोपरा

२०२० सालच्या चौदा ऑगस्टची रात्र उलटून पंधरा ऑगस्ट लागला होता. चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेला. घरात निजानीज, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. करोनामुळे लिस्बनचं ते भलंमोठं स्टेडियम रिकामं होतं आणि बायर्न म्युनिक बार्सिलोनाला ४-२ असं हरवत होतं. त्रेसष्टाव्या मिनिटाला डाव्या कडेला चेंडू एकोणीस वर्षांच्या अल्फान्सो डेव्हिसकडे आला. समोर बार्सिलोनाचा नेल्सन सेमेदो. डेव्हिस जवळजवळ थांबलाच. चेंडू पायाशी ठेवून त्याने एकदा आत जायची हूल दिली, सेमेदोचं वजन दुसऱ्या पायावर गेलं आणि त्या अर्ध्या क्षणात डेव्हिस बाहेरच्या बाजूने निसटला. गोलरेषेला चिकटून आत घुसला, मान वर करून पाहिलं आणि चेंडू मागे दिला. योशुआ किमिचला फक्त पाय लावायचा होता. गोल आपल्या नावावर लागला खरा, पण तो जवळजवळ सगळा डेव्हिसचाच, असं किमिच नंतर म्हणाला. सामना ८-२ असा संपला.

तो पळाला कसा, हे सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मनात राहिलं ते त्याचं आधीचं थांबणं. दहा महिन्यांपूर्वी हा मुलगा लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, नव्हताच. तो कडेने हल्ला करणारा विंगर होता, आणि म्युनिकने त्याला विंगर म्हणूनच आणलं होतं.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर २००० रोजी घानातल्या बुडुबुरामच्या निर्वासित छावणीत झाला. आईवडील लायबेरियाचे, यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले. तो पाच वर्षांचा असताना कुटुंबाला कॅनडात आश्रय मिळाला आणि पुढे ते एडमंटनला स्थिरावलं. आईवडील कामावर गेले की धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम याच्याकडे. ज्या मुलांना क्लबची फी, बूट, येण्याजाण्याचा खर्च झेपत नसे, त्यांच्यासाठी त्या शहरात शाळेनंतर ‘फ्री फुटी’ नावाचा मोफत खेळाचा उपक्रम चालायचा. डेव्हिस तिथला. चौदाव्या वर्षी तो व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या अकादमीत गेला आणि पंधराव्या वर्षी मेजर लीग सॉकरमध्ये उतरला. जून २०१७ मध्ये त्याला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं आणि आठवडाभरात तो देशाकडून खेळलाही. त्या वेळी कॅनडाच्या पुरुष संघातला तो सर्वांत लहान खेळाडू ठरला.

पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, बायर्नने त्याला घेतलं. बोनस धरून सौदा सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास जाणारा होता, मेजर लीग सॉकरमधून बाहेर गेलेल्या खेळाडूंमध्ये तोवरचा सर्वांत मोठा. जानेवारी २०१९ मध्ये, अठरा वर्षांचा होऊन दोन महिने झाल्यावर, तो म्युनिकला दाखल झाला. तिथे कडेला कोण होते? फ्रांक रिबेरी आणि आर्यन रॉबेन, दोघांचाही तो अखेरचा हंगाम. शिवाय किंग्सली कोमान आणि सर्ज नाब्री. साहजिकच या पोराच्या वाट्याला त्या हंगामात जर्मनीच्या बुंडेसलीगाचे सहा सामने आले, तेही बरेचसे शेवटच्या काही मिनिटांपुरते. मधल्या काळात तो बायर्नच्या दुसऱ्या संघाकडून चौथ्या श्रेणीत खेळला. मार्चमध्ये माइन्झविरुद्ध ६-० च्या विजयात पहिला गोल केला. बाकी सराव, बाक आणि नवी भाषा.

मग ऑक्टोबर २०१९ चा एक आठवडा आला. १९ तारखेला ऑग्सबुर्गमध्ये सेंटर-बॅक निक्लास झ्यूलेच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तीन दिवसांनी ग्रीसमध्ये लुकास हर्नांडेझचा घोटा गेला. बचावफळीच्या मधोमध भगदाड पडलं. प्रशिक्षक निको कोवाच यांनी लेफ्ट-बॅक डाविड अलाबाला मध्यभागी सरकवलं आणि रिकाम्या झालेल्या डाव्या कोपऱ्यात डेव्हिसला उभं केलं. कुणी आखलेली योजना नव्हती ही. माणसं कमी पडली म्हणून भरलेली जागा होती. नव्या जागेवरच्या त्याच्या पहिल्या काही सामन्यांतला एक होता फ्रँकफर्टचा. जेरोम बोआटेंगला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं, बायर्न ५-१ ने हरलं आणि दुसऱ्या दिवशी कोवाच पायउतार झाले. सहायक हान्सी फ्लिक तात्पुरते प्रशिक्षक झाले. त्यांनी डेव्हिसला त्या जागेवरून हलवलं नाही. माझ्या मते या मुलाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. संघ घसरलेला असताना नवखा बचावपटू बाकावर बसवणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. फ्लिक यांनी तो घेतला नाही. पाठोपाठ डॉर्टमुंडविरुद्ध ४-० असा विजय आला, आणि डाव्या कोपऱ्यात डेव्हिसच होता.

ही जागा नेमकी असते कशी? कबड्डी पाहिलेल्या माणसाला ती चटकन कळावी. कोपरारक्षक चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवून, गुडघ्यात वाकून उभा असतो. लवकर झेपावला तर तो निसटतो, उशीर केला तर गुण देऊन बसतो, आणि साखळीतल्या शेजाऱ्याचा हात सुटला तर दोघंही उघडे पडतात. फुल-बॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचंही तसंच, फक्त मैदान खूप मोठं आणि साखळीतला हात डोळ्यांना न दिसणारा. चार बचावपटूंनी एका रेषेत पुढेमागे सरकायचं. त्यातला एक जण दोन पावलं मागे रेंगाळला की प्रतिस्पर्धी ऑफसाइडमधून सुटतो आणि बाकी तिघांची मेहनत फुकट जाते. चेंडू उजव्या बाजूला असेल तर डाव्याने आपली कड सोडून आत सरकायचं, सेंटर-बॅकच्या जवळ. विंगर म्हणून वाढलेल्या मुलाला हे सगळ्यात जड जातं, कारण लहानपणापासून त्याला साइडलाइन धरून रुंद राहायलाच शिकवलेलं असतं.

त्याहून अवघड म्हणजे अंगाची ठेवण. विंगरच्या डोळ्यांसमोर खेळ असतो आणि तो चुकला तरी ती चूक आपल्या गोलपासून सत्तर मीटर लांब होते. लेफ्ट-बॅकला चेंडूही पाहायचा आणि पाठीमागून, आंधळ्या बाजूने पळणारा माणूसही. म्हणून पूर्ण चेंडूकडे तोंड करून उभं राहायचं नाही. खांदा तिरका, एक पाय मागे, आणि दर दोनतीन सेकंदांनी मान वळवून मागे एक नजर. त्या पहिल्या हिवाळ्यातले डेव्हिसचे सामने पाहिले तर तो कितीतरी वेळा चेंडूत हरवलेला दिसतो. मागून माणूस निघून जातो, मग याच्या ध्यानात येतं, मग तो वळतो आणि पळत जाऊन त्याला गाठतो. वेगाने चूक झाकली जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, प्रशिक्षकाला मात्र चूक दिसलेली असते.

फ्लिक यांच्या बायर्नला हा वेग हवा मात्र होताच. त्यांची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत चढून उभी राहायची. मागे अर्धं मैदान मोकळं, आणि तिथे गोलरक्षक मानुएल नॉयर एकटा. प्रतिस्पर्ध्याने एक लांब पास त्या मोकळ्या जागेत टाकला की संपलं. अशी पद्धत चालवायची तर मागे वळून कुणालाही गाठू शकणारा माणूस लागतो. म्हणजे संघाला डेव्हिसच्या वेगाची गरज होती आणि डेव्हिसला शिकायला वेळ हवा होता. दोन्ही गरजा एकाच हंगामात जुळून आल्या.

आणि त्याच्या उजव्या हाताला अलाबा होता. अलाबा स्वतः मुळात मधल्या फळीचा, बायर्ननेच त्याला लेफ्ट-बॅक केलेलं. ती जागा त्याने अनेक वर्षं सांभाळली, त्या जागेवरून २०१३ ची चॅम्पियन्स लीग जिंकली. आता तीच जागा नव्या मुलाला देऊन तो शेजारी उभा राहिला आणि नव्वद मिनिटं बोलत राहिला. मे २०२० मध्ये बुंडेसलीगा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा टीव्हीवर बूट आणि चेंडूच्या आवाजासोबत खेळाडूंच्या हाका ऐकू यायच्या. टोमास म्युलरला तर त्याच्या सततच्या बोलण्यावरून ‘रेडिओ म्युलर’ म्हणतात. अलाबाही तितकाच बोलका. पुढे हो, आत ये, मागे बघ, अशा स्वरूपाच्या त्या हाका. जर्मन न कळताही हातांच्या खुणांवरून अर्थ लागायचा. आपली जागा घेणाऱ्याला ती जागा शिकवणारा माणूस कुठल्याही धंद्यात दुर्मीळ असतो. मला तो हंगाम आठवला की डेव्हिसइतकाच अलाबाचा हात आठवतो, तळवा खाली करून ‘थांब’ म्हणणारा.

२६ मे २०२० चा डॉर्टमुंडचा सामना त्या शिक्षणाच्या ऐन मध्यावरचा. डॉर्टमुंडचा अर्लिंग हालांड, अंगाने थोराड आणि पळायला तितकाच तेज, गोलच्या दिशेने मोकळा सुटला होता. डेव्हिस मागून आला, बाजूला आला आणि पाय घालून चेंडू काढून घेतला. किमिचच्या एकमेव गोलवर बायर्नने सामना १-० असा जिंकला आणि लीग जवळपास खिशात टाकली. सामन्यानंतर म्युलरने त्याला कार्टूनमधल्या ‘रोड रनर’ पक्ष्याची उपमा दिली. प्रतिस्पर्ध्याला वाटतं आपल्याला भरपूर वेळ आहे, आणि तेवढ्यात हा पोचलेला असतो, अशा अर्थाचं तो बोलला. जगभर ती उपमा चालली.

तीन आठवड्यांनी, १६ जूनला ब्रेमेनमध्ये, बायर्नने सलग आठवं विजेतेपद पक्कं केलं. त्या सामन्यात डेव्हिसचा वेग ताशी ३६.५१ किलोमीटर मोजला गेला, तेव्हाचा बुंडेसलीगाचा विक्रम. त्याच सामन्यात ७९ व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड घेऊन तो मैदानाबाहेरही गेला. विक्रमी वेग आणि लाल कार्ड एकाच संध्याकाळी. १-० अशी निसटती आघाडी, विजेतेपद हातातोंडाशी आलेलं, आणि संघ दहा जणांवर. शिकणं पूर्ण व्हायचं होतं, ते असं उघड्यावर दिसत होतं. ऑगस्टमधली ती हूल म्हणूनच मला मोलाची वाटते. ब्रेमेनला थांबता न आलेला मुलगा दोन महिन्यांत सेमेदोसमोर थांबला.

२३ ऑगस्टला लिस्बनमध्येच पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धचा अंतिम सामना झाला. कोमानचा हेडर, १-० असा विजय, आणि हंगामातला तिसरा मोठा करंडक. त्या रात्री डेव्हिसची एकही धाव लोकांच्या आठवणीत नाही. लवकर मिळालेलं पिवळं कार्ड खिशात ठेवून तो उरलेला सगळा वेळ सांभाळून खेळला. चॅम्पियन्स लीग जिंकणारा कॅनडाच्या पुरुष संघाचा तो पहिला खेळाडू.

पुढची वर्षं सरळ चढणीची नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात अलाबा रेयाल माद्रिदला गेला आणि शेजारचा आवाज बंद झाला. जानेवारी २०२२ मध्ये करोनानंतर डेव्हिसच्या हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं आणि तो काही महिने बाहेर बसला. परतल्यावर त्याच्या पाठीमागची मोकळी जागा प्रतिस्पर्ध्यांनी वारंवार शोधली. त्याच्या जागा धरण्यावर टीका झाली आणि ती बरीचशी खरी होती. कॅनडाच्या संघात तर तेव्हा त्याला बहुधा पुढे खेळवलं जायचं. २०२२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध ६८ व्या सेकंदाला त्याने हेडरने गोल केला, पुरुषांच्या विश्वचषकातला कॅनडाचा पहिला. ८ मे २०२४ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये रेयाल माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर नाब्री जखमी झाल्यावर तो विंगर म्हणून उतरला आणि डावीकडून आत येऊन चक्क उजव्या पायाने गोल केला. लेफ्ट-बॅकला त्या रात्री नुसेर मझरावी होता. पण रेयालच्या होसेलूच्या दोन गोलांनी बायर्न स्पर्धेबाहेर पडलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने बायर्नशी २०३० पर्यंतचा करार केला. दीडएक महिन्यात, २३ मार्चला, अमेरिकेविरुद्ध खेळताना त्याच उजव्या पायाच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. झ्यूलेच्या ज्या दुखापतीने त्याला ही जागा मिळवून दिली, तीच आता त्याच्या वाट्याला आली. बायर्नचं ते वर्ष बरंचसं त्याच्याविना गेलं आणि २०२५ सरता सरता तो पुन्हा मैदानात उतरला.

आता त्याचा सामना लागला की मी चेंडूकडे कमी पाहतो. चेंडू पलीकडे उजव्या बाजूला असताना डावा कोपरा सोडून तो किती पावलं आत सरकलाय, खांदा तिरका आहे का, मान किती वेळा मागे वळली, तेवढं मोजत बसतो. कॅमेरा बहुतेक वेळा चेंडूबरोबर निघून जातो आणि तो पडद्याच्या कडेला, अर्धाच दिसत राहतो.