आधी ओळख, मग करंट!

मंडळी, ट्रान्सफॉर्मर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो फळ्यावर. दोन वेटोळी, मध्ये दोन उभ्या रेघा, डावीकडे प्रायमरी, उजवीकडे सेकंडरी. ओपन सर्किट टेस्ट, शॉर्ट सर्किट टेस्ट, जर्नलवर सही, विषय संपला! पण पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात जो ट्रान्सफॉर्मर हाताला लागतो, त्याला ना लेबल, ना डावं-उजवं. असतात फक्त रंग उडालेल्या नऊ वायरी. यातली २३० व्होल्टची जोडी कोणती? अंदाजाने प्लगला लावून बघणारे महाभाग प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

(एक सूचना. मी कॉन्व्हेंटवाली. 'प्राथमिक' म्हटलं की मला डबा आणि दप्तर आठवतं. म्हणून तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवलेत, सांभाळून घ्या.)

पहिली पायरी : कोण कोणाचं?

मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि दोन-दोन वायरी तपासत जा. ज्यांच्यात रेझिस्टन्स दिसतो त्या एका घरातल्या. माझ्याकडे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओमधला एक ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचंच उदाहरण घेऊ. त्यात चार घरं सापडली. एका जोडीत ३८ ओहम. एका तिकडीत मधल्या वायरीपासून एकीकडे १८० आणि दुसरीकडे १९५ ओहम. उरलेल्या दोन जोड्यांत जवळजवळ शून्य.

१८० आणि १९५ सारखे का नाहीत? वाइंडिंग बिघडलंय असं समजू नका. मधली वायर म्हणजे सेंटर टॅप. वेढे दोन्हीकडे सारखेच आहेत, पण बाहेरच्या थरातला वेढा मोठा, म्हणून तार जास्त लागते आणि रेझिस्टन्सही वाढतो. शिवाय प्रत्येक वायर आणि लोखंडी कोअर यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं, तर तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा भंगारात.

आता परीक्षेतला प्रश्न. यातली प्रायमरी कोणती? "जास्त रेझिस्टन्स म्हणजे प्रायमरी" हा नियम आपल्याला १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरने शिकवलाय. तिथे तो बरोबरच आहे, कारण प्रायमरी शंभर ओहमच्या आसपास आणि सेकंडरी एक-दोन ओहम. पण व्हॉल्व्ह रेडिओत सेकंडरीच २५०-०-२५० व्होल्टची असते! इथे जास्त ओहमवाली तिकडी प्रायमरी नाहीच. म्हणजे ओहम फक्त नातं सांगतात, नाव सांगत नाहीत.

दुसरी पायरी : नाव विचारा, पण हळू आवाजात

नाव सांगतं ते वेढ्यांचं गुणोत्तर. ते काढायला २३० ची गरज नाही. दुसऱ्या, ओळखीच्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी घ्या आणि ते सगळ्यात जास्त ओहमच्या वाइंडिंगला, तिच्या दोन टोकांना द्या. असं का? तिथे सहसा सर्वात जास्त वेढे असतात, त्यामुळे बाकी कुठेही १२ च्या वर व्होल्टेज येत नाही. हेच उलटं केलंत, म्हणजे "सहाच तर व्होल्ट आहेत" म्हणून शून्य ओहमवाल्या ६.३ व्होल्टच्या जोडीला लावलेत, तर त्या तिकडीच्या टोकांवर ४७६ व्होल्ट उभे राहतील. आणि तुमची बोटं तिथेच असतील.

माझी रीडिंग्ज अशी आली. ३८ ओहमच्या जोडीवर ५.५ व्होल्ट, एका लहान जोडीवर ०.१५, दुसरीवर ०.१२. (स्वस्त मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यावर हे वाचता येणार नाही. लॅबमधला चांगला मीटर मागून घ्या.) आता जरा हेरगिरी. ०.१५ भागिले ०.१२ म्हणजे १.२५. व्हॉल्व्ह रेडिओत हीटरला ६.३ आणि रेक्टिफायरला ५ व्होल्ट लागतात, त्यांचं गुणोत्तर १.२६. सापडला चोर! म्हणजे ०.१५ ला ६.३ धरायचं, गुणक आला ४२. ५.५ गुणिले ४२ म्हणजे २३१, ही झाली प्रायमरी. १२ गुणिले ४२ म्हणजे ५०४, म्हणजेच २५०-०-२५०. लेबल नसताना पूर्ण कुंडली हातात.

पहिल्यांदा मेन्सला लावाल तेव्हाही थेट लावू नका. सेकंडऱ्यांची टोकं वेगवेगळी टेप लावून बंद करा आणि प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना फिलॅमेंटचा बल्ब टाका. टीव्ही मेकॅनिककडे असा सिरीज बोर्ड असतोच. बल्ब मिणमिणला किंवा विझलेलाच राहिला तर ठीक, लख्ख पेटला तर आत शॉर्ट. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

तिसरी पायरी : झटका कुठून येतो?

दोन वाइंडिंग्ज सिरीजमध्ये जोडायची असतील तर त्यांची दिशा कळायला हवी. त्यासाठी एका वाइंडिंगला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवायची आणि दुसरीवर काट्याचा मीटर ठेवायचा. टेकवताना काटा पुढे गेला, तर बॅटरीचं प्लस आणि मीटरचं प्लस एकाच दिशेची टोकं. मात्र टोकं क्रोकोडाइल क्लिपने धरा, बोटांनी नको. बॅटरी काढताना सणसणीत झटका बसतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीचा!

कारण कॉईलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. जितक्या झटकन तोडाल तितकं जास्त व्होल्टेज. गाडीची इग्निशन कॉईल हेच काम मुद्दाम करते. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या काळातली पॉइंटवाली कॉईल घ्या. प्रायमरी ३ ओहम, ८ मिलिहेन्री, वेढ्यांचं गुणोत्तर १:१०० धरू. १२ व्होल्टवर करंट ४ अँपिअरपर्यंत जाईल. टाइम कॉन्स्टंट २.७ मिलिसेकंद, म्हणजे ९५ टक्के करंट यायला ८ मिलिसेकंद. पूर्ण ४ अँपिअरला साठलेली ऊर्जा, अर्धा एल आय स्क्वेअर, ६४ मिलिज्यूल.

आता पॉइंट उघडला. ही ऊर्जा जाणार कुठे? पॉइंटवरच्या ०.२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये आणि सेकंडरीच्या स्वतःच्या कपॅसिटन्समध्ये. सेकंडरीचे ५० पिकोफॅरड प्रायमरीकडून बघितले तर शंभराच्या वर्गाने वाढून ०.५ मायक्रोफॅरड दिसतात. एकूण ०.७. गणित करा, प्रायमरीवर सुमारे ४३० व्होल्ट आणि सेकंडरीवर ४३ हजार! लॉसेसमुळे हातात कमी पडतं, पण १ सेंटिमीटरच्या आसपासच्या स्पार्कला पुरतं.

इथेच आपले प्रोजेक्ट मरतात. पॉइंटऐवजी ५५५ टायमर आणि हाताशी असलेला आयआरएफ ५४० मॉस्फेट लावतात. त्याची मर्यादा १०० व्होल्ट. प्रायमरी तिथेच अडते, सेकंडरी दहा हजारांवर थांबते आणि उरलेली ऊर्जा मॉस्फेट भाजते. मग सगळे कॉईलला शिव्या देतात! इग्निशनसाठीच बनवलेला, साधारण ४०० व्होल्टला स्वतःला सांभाळणारा आयजीबीटी लावा.

शेवटचं, पण पाठ करण्यासारखं

जीव घेतं ते नुसतं व्होल्टेज नाही, तर त्याच्यामागे किती करंट आणि किती ऊर्जा उभी आहे ते. इग्निशन कॉईलचा एक स्पार्क ६४ मिलिज्यूलचा. जोरदार लागतो, आणि पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही येऊ नये. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर मात्र दोनच हजार व्होल्टचा, पण मागे शेकडो मिलिअँपिअर सतत देणारा. त्याच्याजवळचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन हजार व्होल्टला २ ज्यूल साठवतो, म्हणजे आपल्या स्पार्कच्या तीसपट. इथे दुसरी संधी मिळत नाही. तो भंगारातून उचलूच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. जुन्या पिक्चर ट्यूबचंही तसंच. टीव्ही बंद केल्यावरही तिची काच चार्ज धरून ठेवते.

बाकी नियम साधे. चालू सर्किटजवळ एक हात खिशात. हात लावण्याआधी सप्लाय काढा, कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. रात्री दोन वाजता रूममध्ये एकट्याने हे उद्योग नकोत. मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला एक तरी मित्र जागा ठेवा. चहा त्याचा, बिल तुमचं!