एक मिनिट, दहा युनिट: लेबर रूममधली चेकलिस्ट

मागच्या शुक्रवारी (हो, शुक्रवारीच!) डिप्लॉय करताना मी चेकलिस्टमधली एक ओळ गाळली आणि ॲप वीस मिनिटं झोपलं. कुणाचा जीव गेला नाही. पण माझ्या ताईला आठवा महिना लागलाय, म्हणून बाळंतपणातली चेकलिस्ट वाचायला घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी 29 मुद्द्यांची. औषधांपुरती ती सरळ इफ-एल्स आहे. बीपी वाढलंय, लघवीत प्रोटीन आहे, वर डोकं ठणकतंय किंवा अंधुक दिसतंय? मॅग्नेशियम सल्फेट द्या.

मला भारी वाटली ती ऑक्सिटोसिनची ओळ. जोर लावायच्या आधीच 10 युनिट सिरिंजमध्ये भरून ठेवायचे, कारण बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात ते द्यायचंय. त्यानं गर्भाशय आकसतं, रक्तस्राव आवरतो. तेच औषध बाळ पोटात असताना कळा वाढवायला बेहिशेबी दिलं, तर बाळाचा ऑक्सिजन तुटू शकतो.

आता खरी गंमत ऐका. डॉ. अतुल गावंडे यांच्या टीमनं उत्तर प्रदेशात 120 केंद्रांवर याची चाचणी घेतली. निष्कर्ष आले 2017 मध्ये. प्रशिक्षक येऊ लागल्यावर दोन महिन्यांनी वेळेत ऑक्सिटोसिन मिळण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्के, इतर केंद्रांत 21. तरीही मृत्यू कमी झाले नाहीत! माझ्या मते, कागद आठवण करून देतो, पण रक्ताची बाटली किंवा सिझेरियनची सोय आणून देत नाही.

ताईच्या पुढच्या तपासणीला मी दोनच प्रश्न नेतोय: ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये असतं का, आणि रात्री रक्त लागलं तर ते कुठून येतं?