डी.एड.ला नंबर लागण्याचे दिवस

१९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यात शाळा चालवायच्या तर खेड्यात टिकणारा शिक्षक हवा, हा त्यामागचा विचार. पुढे रयत शिक्षण संस्थेने ५७८ व्हॉलंटरी शाळा उघडल्या, तेव्हा अशाच शिक्षकांची गरज पडली. आजच्या सांगलीतला बराच मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर होई आणि नोकरीत असतानाच ट्रेनिंगला जाई.

पुढच्या पिढ्यांसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची शिक्षक पदविका, डी.एड., आली. माण, खटाव, जत, आटपाडी या सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत पावसाचा भरवसा नव्हता, डी.एड.चा होता. बारावीचा निकाल लागला की दाखले गोळा करायला तहसील कचेरीत रांगा लागत. मेरिट लिस्टमध्ये नंबर लागला की घर मार्गी लागले, असे समजत. हुशार मुलींना घरचे लोक निर्धास्तपणे या वाटेने पाठवत. शिक्षणही कसून घेतले जाई. घटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन असे रकाने आखून पाठाचे टाचण काढायचे, ते तपासून सही घ्यायची, मगच जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ. वर्गात मागे बसलेले सहाध्यायी निरीक्षणे टिपत आणि पाठ संपल्यावर चुका तोंडावर सांगत.

मागणी पाहून विनाअनुदानित अध्यापक विद्यालये गावोगाव निघाली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि नेमणुकीनंतरची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. २०१२ मध्ये भरती थांबली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि भरतीचे पवित्र पोर्टल. पदविका हाती असूनही मुले वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहत राहिली. धाकट्या भावंडांनी ते पाहिले आणि अर्जच भरले नाहीत. जागा रिकाम्या राहिल्या, अनेक विद्यालयांना कुलपे लागली.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही असे स्पष्ट केले, तेव्हा डी.एड.चे, म्हणजे आताच्या डी.एल.एड.चे, मोल पुन्हा कळले. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. म्हणजे पहिलीच्या वर्गावर जाण्यासाठीही विद्यापीठाची वाट धरावी लागेल. शिक्षक अधिक शिकलेला असावा, हे योग्यच. पण दोन वर्षांच्या जागी चार वर्षांचा खर्च जतच्या शेतमजुराने कसा पेलायचा? भाऊरावांनी 'कमवा आणि शिका'चा मार्ग घालून दिला होता. नव्या अभ्यासक्रमांना वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि दरवर्षी ठरल्या वेळी होणारी भरती यांची जोड सरकारने दिलीच पाहिजे. नाहीतर ज्या घरांनी नव्वद वर्षे खेड्यांना शिक्षक पुरवले, त्यांच्याच मुलांना हे दार बंद होईल.