पदवी स्तरावरील इंग्रजी शब्दसंपत्ती : बहुभाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

हुबळी-धारवाड परिसरात महाविद्यालयात येणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्याच्या घरी बहुधा दखनी उर्दू बोलली जाते, बाजारात व कचेरीत कन्नड चालते, आणि तो बेळगावकडचा असेल तर मराठीही त्याला परकी नसते. दहावीपर्यंत उर्दू वा कन्नड माध्यमातून शिकलेला हा विद्यार्थी विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत आला की त्याच्या हाती इंग्रजी क्रमिक पुस्तक पडते. विषय त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो असे नव्हे. पुष्कळदा वाक्यच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो वर्गात गप्प राहतो, आणि 'कच्चा' असा शिक्का त्याच्यावर बसतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे गाइडमधील अवघड शब्दांच्या याद्या पाठ करविणे. शब्द जितका दुर्मीळ तितका तो उच्च प्रतीचा, ही त्यामागची समजूत आहे व ती तपासून घेणे आवश्यक आहे.

ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2,000 नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली या यादीच्या पलीकडे जाऊन कला, वाणिज्य, कायदा व विज्ञान या चारही शाखांच्या लेखनात वारंवार येणारी 570 शब्दकुले निश्चित केली. (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल.) शैक्षणिक मजकुरातील सुमारे दहा टक्के शब्द एवढ्या कुलांतूनच येतात. त्यांत 'अॅनालाइज', 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'सिग्निफिकंट' असे शब्द आहेत. गाइडमधील नवलाईचे शब्द नाहीत. पॉल नेशन यांच्या 2006 च्या अभ्यासानुसार मजकुरातील 98 टक्के शब्द ओळखीचे असावयाचे, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. तो पल्ला लांबचा आहे. पण 570 कुले दोन वर्षांत आवाक्यात येऊ शकतात, आणि पाठ्यपुस्तकाचे दार त्यांनीच किलकिले होते.

येथे उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याजवळ एक भांडवल असते, ज्याचा उपयोग इंग्रजीच्या तासाला क्वचितच केला जातो. 'माद्दा' ही कल्पना त्याला ठाऊक असते. काफ, ते, बे या तीन अक्षरांपासून किताब, कातिब, मकतब, मकतूब, किताबत हे शब्द झाले, हे तो उर्दूच्या तासाला शिकलेला असतो. लिहिणे याच अर्थाच्या लॅटिन धातूपासून इंग्रजीत डिस्क्राइब, इन्स्क्रिप्शन, मॅन्युस्क्रिप्ट, प्रिस्क्रिप्शन, सबस्क्रिप्शन आले. हे दोन गट फळ्यावर शेजारी शेजारी मांडले की पाच सुटे शब्द एका घरातले होतात. अर्थात धातू वाट दाखवितो, मुक्कामाला पोहोचवीत नाही. 'मकतब' म्हणजे लिहिण्याची जागा, एवढ्यावरून 'मकतब-ए-फिक्र' म्हणजे विचारसरणी हे कळत नाही. त्याचप्रमाणे 'कॉन्स्क्रिप्शन' म्हणजे सक्तीची सैन्यभरती, हे धातूवरून ताडता येत नाही. तो अर्थ वाक्यातूनच घ्यावा लागतो.

भाषेतील थरांचेही तसेच आहे. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीवर फ्रेंचचा थर चढला, पुढे लॅटिनचा. म्हणून 'आस्क', 'इन्क्वायर' आणि 'इंटरोगेट' यांचा वापर एकसारखा नाही. ज्याला 'पूछना', 'दरयाफ्त करना' आणि 'जिरह करना' यांतील फरक कळतो, किंवा मराठीतील विचारणे, चौकशी करणे व उलटतपासणी घेणे यांतील, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

खरी अडचण शब्दांच्या सोबतीत आहे. उर्दूत इम्तिहान 'देतात', मराठीतही परीक्षा 'देतात', कन्नडमध्ये ती 'बरेयु' म्हणजे लिहितात, आणि इंग्लंडमधील इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो म्हणजे घेतो. दिशाच उलटी! म्हणून आमचा विद्यार्थी 'गिव्ह' लिहितो व गुण गमावतो. कन्नडभाषक विद्यार्थ्याचे 'राइट' मात्र दक्षिण भारतातील इंग्रजीत खपून जाते. सिगारेट उर्दूत पितात, मराठीत ओढतात, कन्नडमध्ये विहिरीच्या पाण्यासारखी सेदतात. चहा आपल्याकडे कडक असतो, इंग्रजीत तो 'स्ट्राँग' असतो, 'हार्ड' नव्हे. अशा चुका अज्ञानातून होत नाहीत, मातृभाषेच्या शिस्तीतून होतात, आणि लाल शाईने त्या जात नाहीत. चारही भाषांतील प्रयोग एकत्र मांडले तर विद्यार्थी हसतो आणि लक्षात ठेवतो. द्विभाषिक कोश येथे अपुरा पडतो, कारण तो प्रतिशब्द देतो, सोबती देत नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी 1942 मध्ये टोकियोत प्रसिद्ध केलेला विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश याच गरजेतून घडला; 1948 पासून तो ऑक्सफर्डतर्फे निघत आला आहे.

ओळखीच्या शब्दांचे दुसरे-तिसरे अर्थ हाही प्रगत शब्दसंपत्तीचाच भाग होय. धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते पीठ 2008 मध्ये आले व 2013 मध्ये ते कायम झाले. त्यामुळे 'बेंच' म्हणजे वर्गातला बाकही आणि न्यायपीठही, हे येथील मुलांना सांगावे लागत नाही. 'चार्ज' हा शब्द मोबाइल, लाठी, सेवाशुल्क आणि कार्यभार अशा चार ठिकाणी त्यांच्या बोलण्यात असतो. आरोपपत्रातला आणि पदार्थविज्ञानातला तेवढा जोडून द्यावयाचा. मात्र 'सेल' सारख्या शब्दांत सावध राहावे. आपल्या लिपीत पेशी, विक्री आणि विकणे हे तिन्ही शब्द एकच दिसतात, इंग्रजीत तिघांचे वर्णलेखन वेगळे आहे.

प्रत्यक्ष वर्गात आठवड्याला दहा शब्दकुले पुरेत, आणि ती त्या आठवड्यात शिकविलेल्या अर्थशास्त्राच्या वा रसायनशास्त्राच्या पानावरूनच निवडावीत. वहीत शब्दासमोर नुसता अर्थ न लिहिता पुस्तकातील मूळ वाक्य, शब्दाचे दोन सोबती आणि आपल्या भाषेतील तोच प्रयोग लिहून घ्यावा. तीच कुले दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा समोर यावीत. त्यासाठी विषयशिक्षकाने इंग्रजीच्या शिक्षकाला पान दाखवावे लागेल, आणि उर्दूच्या शिक्षकाला माद्द्यांचा तक्ता करून द्यावा लागेल. वेळापत्रकात याला जागा नसते. पण शिक्षककक्षातल्या मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे निघू शकतात.